तीन लघूंची जागा

आमच्या घराण्यात लग्न ठरलं की मंगलाष्टक कोण लिहिणार, हे विचारायची पद्धत आहे. विचारायचं म्हणून विचारतात, कारण उत्तर पिढीभर एकच आहे. माझे वडील लिहिणार. त्यांना घरात आणि गावात सगळे तात्या म्हणतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण कळसाडीत आणि आजूबाजूच्या गावांत आमच्या नात्यातलं लग्न म्हटलं की अजूनही आधी तात्यांची तारीख बघतात, मग मंडपवाल्याची.

तात्यांचं मंगलाष्टक म्हणजे छापील पुस्तकातलं नव्हे. प्रत्येक जोडीसाठी नवं, आणि त्यात दोन्हीकडच्या माणसांची नावं गुंफलेली. आजे, पणजे, मामा, काका, सगळे. ज्याचं नाव राहिलं तो मंडपात हसतो, पंगतीत जेवतो आणि पुढची दहा वर्षं बोलत नाही. म्हणून तात्या नावांच्या बाबतीत फार जपून असतात. नावं शार्दूलविक्रीडितात बसवायची हे सोपं काम नाही. एकोणीस अक्षरांची ओळ, कुठलं अक्षर लघू आणि कुठलं गुरू हे आधीच ठरलेलं, आणि आमच्या नातेवाइकांची नावं ठेवताना कोणाच्याही आईबापांनी वृत्ताचा विचार केलेला नाही.

मी लहान असताना तात्यांनी मला लघू-गुरू शिकवलं ते सुपात. लघूला ज्वारीचा दाणा, गुरूला हरभऱ्याचा. एक ओळ म्हणायची आणि तिचे दाणे मांडत जायचं. चुकलं की तात्या तो दाणा उचलून तोंडात टाकत. हरभरे भाजलेले असत, त्यामुळे माझ्या चुकांचं त्यांना वाईट वाटत नसे. आई वैतागून म्हणायची की सूप पाखडायला असतं. पण त्या सुपामुळेच मी पुढे मराठी घेऊन शिकले आणि आता खांडबाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मुलं मला घाबरतात ते माझ्या रागामुळे नाही, वृत्तांमुळे, असं मी स्वतःला समजावते.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. ती धाकट्या काकांची मुलगी. तिची आई ती अंगावर पीत असतानाच गेली, आणि तिला वाढवलं ते आमच्या फुईनं. फुई म्हणजे वडिलांची बहीण, इतरत्र जिला आत्या म्हणतात ती. फुईचं लग्न मी शाळेत जायच्याही आधी झालं होतं आणि दुसऱ्या वर्षीच नवरा तिला माहेरी सोडून गेला तो परत आला नाही. तिकडे गुजरातेत त्यानं दुसरा संसार मांडला, एवढंच पुढे कळलं. फुईला रडत बसायला वेळ मिळाला नाही, कारण लवकरच काकांची ही तान्ही पोर तिच्या मांडीवर आली.

फुईची कोणी कीव केलेली मला खपत नाही, आणि तिला त्याहून खपत नाही. कापूस वेचायला येणाऱ्या बायांची टोळी तीच सांभाळते. तिचा आवाज वावराच्या या बांधावरून त्या बांधाला जातो. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली चुकीच्या जागी लावली तर तिनं नुसतं बघितलं तरी तो गिअर टाकतो. पण लग्नाच्या मंडपात अंतरपाट धरला की ही बाई दिसेनाशी होते. कोणी तिला जा म्हणत नाही. ती आपणहून मागे चुलींकडे जाते, बट्ट्या झाल्या का बघते, आचाऱ्याशी उगाच भांडते आणि अक्षता संपल्यावरच पुढे येते. टाकलेल्या बाईनं त्या वेळेला समोर असू नये, असं कुठल्याशा म्हातारीनं तिला एकदा सांगितलं आणि तिनं ते कायमचं मनावर घेतलं. इतक्या जणांना धाकात ठेवणारी बाई एका म्हातारीच्या वाक्याला का घाबरते, याचा मला फार राग यायचा.

साखरपुडा झाला त्या दिवशी चुलत बहिणीनं मला ओसरीवर गाठलं. तिला दागिने नको होते, खापर गावच्या नवऱ्या मुलाबद्दल काही तक्रार नव्हती. तिचं एकच मागणं होतं आणि ते तिनं एका दमात सांगितलं.

"मंगलाष्टकमा फुईनं नाव पाहिजे, ताई. नही उनं ते मी उभी ऱ्हावाव नही."

नाव आलं नाही तर ती पाटावर उभीच राहणार नव्हती. मी म्हटलं, तात्यांना सांग. ती म्हणाली, सांगितलं, ते म्हणतात नाव बसत नाही.

मी तशीच तात्यांकडे गेले. ते आरामखुर्चीत बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागे नावं उतरवत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हिशेब मांडला. फुईच्या नावात तीन अक्षरं, तिन्ही लघू. शार्दूलविक्रीडिताची सुरुवात तीन गुरूंनी. माणसाचं नाव ओळीच्या तोंडाशी यावं, मधे कोंबू नये, ही आपल्याकडची रीत. तोंडाशी ते बसत नाही. आधी 'काकाश्री' 'मामाश्री' लावतो तसं 'आत्याश्री' लावलं, तर तीन गुरू भागतात, पण पुढे दोनच लघूंना जागा आहे, तिसरं अक्षर गुरू हवं. मी म्हटलं, ओढा जरा, इतरांची ओढता तशी. त्यांनी ओढून दाखवलं. फुईचं नाव इतकं लांबलं की ते नर्मदेपलीकडच्या एखाद्या गावाचं वाटायला लागलं.

"वृत्त शे ते, बेटा," तात्या म्हणाले. "भाकर नही, कशी बी थापाले."

हिशेब बरोबर होता आणि तरी मला तो पटला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणू शकले नाही, कारण तात्यांना नाचता येतं. सबंध तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. ज्या माणसानं चार जोडाक्षरं असलेला विहिणीचा भाऊ एका ओळीत बसवला, त्याला स्वतःची बहीण बसवता येऊ नये? पण रागावून वृत्त जमत नाही. खांडबाऱ्याला परतताना मी डोक्यात ओळी जुळवत होते आणि एकही जुळत नव्हती. मीही नाव ओळीच्या तोंडाशीच ठेवून बघत होते. रीत माझ्याही अंगात होती.

त्यानंतर वर्गात नेमकं शार्दूलविक्रीडित शिकवायचं आलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी भिली किंवा इकडची आदिवासी कोकणी बोलतात, काही अहिराणी. पुस्तकातली मराठी त्यांना आधीच परकी, त्यात मी फळ्यावर म, स, ज, स, त, त, ग असे गण लिहिते. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून विसरतात. मीही असंच पाठ केलं होतं. गण म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कोण राहतं ते लक्षात ठेवायचं.

त्या दिवशी कंटाळून मी गण पुसले आणि नुसता ठेका दिला. टेबलावर गुरूला तळहात, लघूला बोट. मुलं बाकांवर वाजवायला लागली. वर्गात धडगावकडची एक मुलगी आहे, वसतिगृहात राहते, घरी पावरी बोलते, वर्गात क्वचित तोंड उघडते. ती वाजवता वाजवता थांबली आणि म्हणाली, मॅडम, मधे तीन पावलं पटापट पडतात. आमच्या होळीच्या नाचात वळायच्या आधी पडतात तशी. मग श्वास घ्यायला जागा आहे. मी तिला पुन्हा वाजवायला सांगितलं. तिनं वाजवलं, आणि मला ते ऐकू आलं.

ओळीत तीन लघू सलग येतात. पूर्ण ओळीत एकदाच, नववं, दहावं आणि अकरावं अक्षर. मला ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण गणांच्या खोल्यांत त्यातला एक लघू 'ज'च्या शेवटी आणि दोन 'स'च्या सुरुवातीला, असे ते वेगवेगळे राहत होते. मधली भिंत काढली की तिघं एकत्र. त्यांच्यापुढे बारावं अक्षर गुरू, आणि तिथे यती, म्हणजे म्हणणारा थांबतो, श्वास घेतो. तीन लघू आणि एक गुरू. फुईचं नाव आणि त्याला 'ने'. मी त्या मुलीला शाबासकी दिली ती जरा जास्तच जोरात दिली असावी, कारण ती पुढचे दोन तास कोणाशी बोलली नाही.

घरी जाऊन मी ओळ लिहिली. नाव इथे लिहीत नाही, त्याची जागा तेवढी मोकळी ठेवते:

मायेने उरि घेतली · · · ने, लेकीपरी वाढली.

'उरी' ऱ्हस्व करावं लागलं, तेवढी सूट चालते. आमच्या घरात फुईचं नाव हाकेत नेहमी अर्ध्यावर तुटतं, शेवटचं अक्षर कोणी पुरतं म्हणतच नाही. वृत्तात मात्र तिन्ही अक्षरं मोकळी, पुरती म्हणावी लागतात, नाहीतर ओळ लंगडते. आणि नाव घेऊन झालं की म्हणणाऱ्याला थांबावंच लागतं. मला इतका आनंद झाला की मी ओळ भाजी चिरताना म्हटली, कपडे वाळत घालताना म्हटली आणि शेजारणीनं विचारलं तेव्हा तिलाही ऐकवली.

पुढच्या रविवारी कळसाडीला गेले आणि कागद तात्यांपुढे ठेवला. मला वाटलं होतं ते आईकडून सूप मागवतील, दाणे मांडतील, दोन ठिकाणी अडतील, मग मी वाद घालीन. मी वादाची तयारी करून आले होते. त्यांनी ओळ एकदाच वाचली. दाणे नाहीत, बोटं नाहीत. कागद घडी करून मांडीवर ठेवला.

"बरोबर शे," ते म्हणाले. "ती जागा माले माहीत शे. तिना लगीनमा मी तठेच लिखेल व्हतं तिनं नाव."

मला ही गोष्ट सुचायला हवी होती. फुईच्या स्वतःच्या लग्नाचं मंगलाष्टकही तात्यांनीच लिहिलं असणार, आणि नवरीचं नाव तर टाळता येत नाही. म्हणजे त्यांना जागा ठाऊक होती. वृत्ताचा बहाणा होता.

मग तात्या बोलले. एरवी फार न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलले. फुई त्यांची सगळ्यात धाकटी, लाडकी बहीण. तिच्या लग्नाचं मंगलाष्टक त्यांनी महिनाभर लिहिलं होतं. त्यांच्या मते त्यांनी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं. त्यात फक्त नावं नव्हती. चंद्र होता, चांदणं होतं, झाडाला बिलगलेली वेल होती, नदी आणि तिचा काठ होता. मंडपात म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या वर्षी फुई पेटी घेऊन परत आली.

"चंद्र लिखा, येल लिखी, झाड लिखं," तात्या म्हणाले. "मी लिखं आनि बठ्ठं उलटं व्हयनं. मंग कसाले लिखू?"

तेव्हा मला दुसरी गोष्ट उलगडली. मी बी.ए.ला असताना तात्यांची मंगलाष्टकं अलंकारांसाठी तपासली होती आणि अलंकार औषधालाही सापडला नव्हता. सगळी नावं, सगळे आशीर्वाद, वृत्त चोख, पण उपमा एक नाही. मला वाटायचं की मास्तर माणूस, स्वभावच कोरडा. कोरडा नव्हता. दुधानं तोंड पोळलेला होता आणि ताक फुंकत बसला होता. आपल्या शब्दांमुळे बहिणीचं वाटोळं झालं असं या शहाण्या माणसाला इतकी वर्षं वाटत होतं, आणि त्यानं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि त्यांना खुर्चीतून उठवून गदागदा हलवावंसंही वाटलं.

मी फक्त एवढंच म्हटलं, "तो माणूस चुकना, तात्या. वृत्त नही चुकनं."

त्यांनी कागद मात्र परत दिला नाही.

आता फुईचं मन वळवायचं होतं. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव माइकवर घ्यायचं म्हणजे लग्नातच रामायण झालं असतं. ती मागच्या अंगणात खाटेवर उडदाचे पापड वाळत घालत होती. चुलत बहिणीची अट तिच्या कानावर आलेली होतीच. मी बसले तशी तिनं माझ्या हातात पापड दिले, कारण तिच्यापाशी रिकाम्या हातानं बसता येत नाही, आणि सांगून टाकलं की तिचं नाव नको, शुभ कामात लोकांना बोलायला कारण नको, पोरीचा संसार नीट होऊ दे. हे सगळं ती पापडांकडे बघून बोलत होती. मी म्हटलं, नको तर नको, पण ओळ तरी ऐक, मी एवढी मेहनत घेतली आहे. आणि मी ती ठेक्यात म्हटली, तिचं नाव पुरतं घेऊन, मधे थांबून.

फुईचे हात थांबले. तिनं मला ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी म्हटली. मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावणार. फुईनं कपाळाला आठ्या घातल्या.

"लेकीपरी कसाले व?" ती म्हणाली. "लेक शे ना ती मन्ही. ते 'परी' काढी टाक."

मी दरवर्षी मुलांना सांगते की उपमेत दोघं शेजारी शेजारी बसतात आणि रूपकात एकाच ताटात जेवतात. 'परी', 'सम', 'जणू' हे शब्द म्हणजे दोघांच्या मधलं अंतर. सुंदर असेल, पण अंतर. फुईला ते अंतर नको होतं. तिनं ते शब्दांत ओळखलं होतं आणि तिच्या लेखी यात अलंकार वगैरे काही नव्हता. तिच्या घरातल्या गोष्टीबद्दल मी चुकीची माहिती लिहिली होती, ती तिनं दुरुस्त करायला सांगितली, एवढंच. पण 'नाव नको' म्हणणाऱ्या बाईनं ओळ दुरुस्त करायला सांगितली, म्हणजे काय ते मला कळलं. मी पापड तसेच टाकून आत पळाले, त्याबद्दल मागून बोलणी खाल्ली.

पण 'परी' काढणं काही सोपं निघालं नाही. दोन अक्षरं काढली की ओळीला खड्डा पडतो. मी 'लेकीच ही वाढली' केलं, ते अहिराणी नाही, मराठी नाही, काहीच नाही. 'तीची असे लेक ही' केलं, त्यात 'ती' उगाच दीर्घ झाली. शेवटी मी खांडबाऱ्याहून तात्यांना फोन केला आणि फुई काय म्हणाली ते सांगितलं. मग ते म्हणाले, बघतो. त्यानंतर लग्नापर्यंत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी विचारलं की पाण्याच्या टँकरचं बोलायचे.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. घरासमोर मंडप, मागच्या बाजूला चुली, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा वास सगळ्या गल्लीत. खापरचं वऱ्हाड डीजे लावून नाचत नाचत आलं आणि अर्थातच उशिरा आलं. चुलत बहीण पाटावर उभी राहिली. तिला मी फक्त एवढं सांगू शकले होते की ओळ तयार आहे, तात्या म्हणतील की नाही ते तात्यांना माहीत. ती उभी राहिली ते माझ्यावर विश्वास ठेवून, आणि माझा स्वतःवर अजिबात नव्हता. अंतरपाट धरला गेला. मी वळून बघितलं, तर फुई नेहमीप्रमाणे चुलींकडे निघाली होती.

तात्यांनी माइक हातात घेतला. त्यांचा आवाज आता थोडा कापतो, पण ठेका कापत नाही. पहिलं कडवं कुलदैवतांचं. दुसऱ्यात आजे-पणजे. तिसऱ्यात खापरकडची मंडळी, सगळी ओळीच्या तोंडाशी, मानानं. लोक आपापलं नाव आलं की ताठ होत होते. चौथ्यात मामा. प्रत्येक कडव्याला अक्षता पडत होत्या. मी मोजत नव्हते, पण शेवटचं कडवं आलं हे आवाजावरून कळलं, कारण तात्यांनी आधी घसा साफ केला.

"मायेने उरि घेतली," तात्यांनी सुरू केलं, आणि मग तीन अक्षरं. तुटकी नाहीत, घाईची नाहीत. तिन्ही पुरती, मोकळी, एकेक. मग 'ने'. आणि मग यती. तिथे श्वास घ्यायचाच असतो, पण त्यांनी जरा जास्तच घेतला. आमच्याकडच्या माणसांना कळलं होतं की कोणाचं नाव आलं, आणि इतकी वर्षं ते का आलं नव्हतं हेही बऱ्याच जणांना आपापल्या परीनं माहीत होतं. मागे चुलींकडे झाऱ्याचा आवाज थांबला.

"आहे तिची लेक ही."

सात अक्षरं. गुरू, गुरू, लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. एकही दाणा इकडचा तिकडे नाही. त्यात उपमा नव्हती, रूपक नव्हतं, चंद्र नव्हता, वेल नव्हती. मला महिनाभर न सुचलेलं ते इतकं साधं होतं. उरलेल्या ओळींत काय होतं ते मला आठवत नाही, कारण मी रडत होते आणि शिवाय अंतरपाटाआडून नवरीच्या रडण्याचा आवाज माइकमध्ये जात होता. मागे वळून बघितलं तर फुई मंडपाच्या मागच्या खांबापाशी उभी होती. हाताला पीठ तसंच. पुढे आली नव्हती, पण गेलीही नव्हती. शेवटच्या 'सावधान'ला तिच्या शेजारच्या बाईनं आपल्या मुठीतल्या अर्ध्या अक्षता तिच्या पिठाच्या हातावर ठेवल्या आणि फुईनं त्या टाकल्या. अर्ध्या तिच्या हातालाच चिकटून राहिल्या.

तात्या माइक ठेवून खुर्चीवर बसले ते कोणाकडेही न बघता. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, वृत्त कुठे अडखळलं का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, घसा आता पूर्वीसारखा राहिला नाही. मग ते पाणी प्यायले आणि त्यांनी पेला बराच वेळ हातातच धरून ठेवला.

हार घातले गेले, बँड वाजला, आणि फोटोंची घाई सुरू झाली. फोटो काढणारा वऱ्हाडाबरोबर खापरहून आलेला, आमच्या घरातलं त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला उन्हाचा त्रास होत होता आणि पटापट उरकायचं होतं. आधी त्यानं नवऱ्याचे आईवडील उभे केले. मग काकांना नवरीच्या उजव्या हाताला ओढलं आणि डाव्या हाताची जागा रिकामी दिसली तसा इकडेतिकडे बघितलं.

"नवरीनी माय कोठे शे?" त्यानं मोठ्यानं विचारलं. त्याला वाटलं लोकांना ऐकू गेलं नाही. मग त्यानं फुईचं नाव घेतलं, मंगलाष्टकात ऐकलं होतं तसंच, तिन्ही अक्षरं पुरती. "आत्तेच ते नाव लिधं ना. त्या कोठे शेतस? त्यासले बलावा."

मंडपात निदान पन्नास माणसं अशी होती की जी त्याला सांगू शकली असती, नवरीची आई केव्हाच वारली, ती फुई आहे. काका सांगू शकले असते. मी सांगू शकले असते. कोणी सांगितलं नाही. चुलत बहिणीनं आपल्या डाव्या हाताला जागा करून शालू जरा आवरून घेतला. फुईनं हात पदराला पुसले आणि ती तिथे जाऊन उभी राहिली.